सात गुरुजी, एक गणपती

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सिद्धांत दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर गुरुजींची मागणी नोंदवायला बसला, आणि पडद्यावरचं चक्र अर्धा तास नुसतं गरगरत राहिलं. गुडगावात मराठी गुरुजी मिळणं मुश्कील. त्यात वडील गेल्यानंतर घरचा गणपती पहिल्यांदाच या नव्या फ्लॅटमध्ये बसणार होता. पुण्याहून विमानाने आला होता, तोही आईच्या मांडीवरून. पूजेत काही चुकलं असतं तर आई बोलली नसती, पण ते न बोलणंच त्याला झेपलं नसतं.

सिद्धांत प्रोग्रामर होता. पुन्हा पुन्हा फॉर्म भरणं त्याच्या जिवावर आलं. सर्व्हरशी बोलणारी एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेऊन त्याने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला.

"हे काय करतं रे?" त्याच्या आईने, कल्पनाताईंनी विचारलं.

"मंडळाच्या सर्व्हरला सांगतं, गुरुजी पाठवा. दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर परत सांगतं. उत्तर येईपर्यंत सांगत राहतं."

"म्हणजे मी तुला जेवायला हाक मारते तसं."

"अगदी तसंच!"

सातव्या खेपेला 'नोंद झाली' असं उत्तर आलं आणि सिद्धांतने स्वतःचीच पाठ थोपटली.

सकाळी नऊला पहाडगंजहून दीनानाथ गुरुजी आले. त्यांचा चहा संपतो न संपतो तोच गेटवरून फोन आला. "साहब, एक और पंडितजी आए हैं।" मग आणखी एक. साडेदहापर्यंत सोफ्यावर सहा गुरुजी दाटीवाटीने बसले होते. प्रत्येकाच्या मोबाइलवर याच फ्लॅटचा नंबर होता.

"आपण व्हा पुढे," एक म्हणाले.

"छे छे, आपण ज्येष्ठ," दुसरे म्हणाले. सगळेच इतके सभ्य निघाले की पाटाकडे कोणी फिरकेना.

कल्पनाताई मुलाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "दिल्लीकडे अशी पद्धत आहे का?"

सिद्धांतला काहीच कळेना. त्याने मंडळाचे सेक्रेटरी विश्वनाथकाका यांना फोन लावला.

"काका, मी एकच गुरुजी मागितले होते!"

"सात वेळा मागितलेस बाबा. आमचं मशीन उत्तर उशिरा देतं, पण नोंद प्रत्येक हाकेची करतं. आणि आमच्याकडे आहेतच सात! नोएडा, द्वारका, मानेसर, सगळीकडे गणपती मखरात आणि गुरुजी तुझ्या घरात. अरे, लोक माझा जीव खाताहेत!"

सिद्धांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कागद घेतला, काकांकडून पत्ते उतरवले आणि टॅक्सी बोलावून एकेक गुरुजी रवाना करायला सुरुवात केली. पाच गेले. उरले दीनानाथ गुरुजी. तेवढ्यात काकांचा पुन्हा फोन आला, "मुनिरक्याला एक घर राहिलं रे!" आणि पाठोपाठ गेटवरूनही, "साहब, एक और पंडितजी।"

म्हणजे सातवे आले! सिद्धांतने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दीनानाथ गुरुजींना हात जोडून मुनिरक्याला पाठवून दिलं.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. लिफ्टमधून कोणी बाहेर पडेना. त्याने गेटवर फोन केला.

"वो तो चले गए साहब। ऊपर से सब वापस आ रहे थे, तो मैंने बोल दिया काम हो गया।"

सिद्धांतने धावत जाऊन लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम चालवला. या वेळी उत्तर दोन सेकंदांच्या आत आलं. 'आपली मागणी सात वेळा पूर्ण झाली आहे. सेवा कशी वाटली?'

एक वाजत आला होता. मुहूर्त दीडपर्यंत. तो खाली मान घालून आईसमोर उभा राहिला. "आई, एकही नाही उरला गं."

कल्पनाताईंनी क्षणभर मूर्तीकडे पाहिलं. मग पदर खोचला. "बस पाटावर. तुझ्या बाबांशेजारी बत्तीस वर्षं बसलेय मी. सगळं पाठ आहे. आचमन कर."

सिद्धांतला भरून आलं. तो नुसता बघत राहिला.

"आचमन कर."

डोळे पुसायला त्याने बाही वर नेली.

"सिद्धांत, आचमन कर!"

त्याने चटकन पळी उचलली, आचमन केलं आणि आई पुन्हा सांगायच्या आत मोठ्याने म्हणाला, "केलं!"