नानासाहेबांच्या घरचे बोंबील

हरिश्चंद्र कुबल रोज सकाळी अकरा वाजता एका मेलेल्या माणसाच्या घरी जेवायला जात असत.

जेवायला म्हणजे अगदी पाट-पान मांडून नव्हे. बायको शाळेच्या ऑफिसात कामाला गेली की दोन पोळ्या रुमालात गुंडाळायच्या, खिळ्यावरची किल्ली काढायची आणि जिन्यात कोणी नाही असं बघून समोरच्या ब्लॉकचं कुलूप उघडायचं. आत गेलं की दार लावून घ्यायचं, ओट्यावरचा गॅस पेटवायचा आणि तव्यावर दोन सुके बोंबील टाकायचे. वीस मिनिटांत हात धुऊन, तोंडात बडीशेप टाकून हरिश्चंद्रराव पुन्हा आपल्या घरात पेपर वाचत बसलेले असायचे. कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून त्यांनी इतक्या शिस्तीने दुसरं कुठलंही काम केलं नव्हतं.

ही वेळ त्यांच्यावर आली ती एका पट्ट्यामुळे. मार्च महिन्यात सोसायटीच्या आवारात रक्तदाब तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टरांनी हरिश्चंद्ररावांच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला आणि पुन्हा बांधला.

"एकशे साठ-शंभर. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज येते?"

"येते. मला वाटलं जास्त झोप होतेय."

"झोप नाही, मीठ जास्त होतंय. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. जेवणातलं मीठ अर्ध्यावर आणा."

पत्नी सुचेताबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी अर्ध्यावरून थेट शून्यावर आणलं. वरणात मीठ नाही, भाजीत नाही, आणि भाजी म्हणजे आठवड्यातून चार दिवस दुधी. "घरात दोन-दोन स्वयंपाक होणार नाहीत. तुम्ही अळणी, तर मीही अळणी," असं जाहीर करून त्या समोर बसून तोच दुधी खायच्या. हरिश्चंद्रराव दोन घास कसेबसे गिळत आणि मग एका बोटाने वाटी हळूच ढकलत ढकलत टेबलाच्या कडेला नेत. तोंडाने बोलण्याची त्यांची हिंमत नव्हती. जी बाई आपल्यासाठी मालवणी जिभेला कुलूप घालून बसली आहे, तिच्यापुढे बोलणार तरी काय?

समोरचा ब्लॉक नानासाहेब तोरसकरांचा. तेही मालवणकडचे. ताटात वरून मीठ वाढून घ्यायचे आणि सुक्या बोंबलाशिवाय जेवण झाल्याचं मान्यच करायचे नाहीत. गेल्या सप्टेंबरात असेच दुपारी पोटभर जेवले, हात धुतले, खुर्चीत बसले आणि एक बाजू लुळी पडली. तिसऱ्या दिवशी गेले. मुलगा उदय मस्कतला. त्याने किल्ली कुबलांकडे ठेवली आणि सांगितलं, "काका, शनिवारी जरा झाडून घ्या आणि पप्पांच्या फोटोपुढे उदबत्ती लावा." तेवढं सुचेताबाई नेमाने करत. बाकी घर होतं तसंच होतं. भिंतीवरचं कॅलेंडर सप्टेंबरवर थांबलेलं, सिलिंडर अर्धा, आणि स्वयंपाकघरात कुठेही उभं राहिलं तरी समोर दिसेल असा नानांचा फोटो. कोट घातलेला, गालफडं बसलेली, नजर सरळ तव्याकडे.

आता सुके बोंबील स्वतःच्या घरी भाजणं तसंही कठीणच होतं. भाईंदर पश्चिमेच्या त्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं, त्यातली मराठी तीन. सेक्रेटरी मनहरभाई माणूस मोठा गोड. त्यांनी पहिल्याच वर्षी तोडगा काढला होता. "ताजी मच्छी खिडकी बंद करके, कोई वांधा नथी. सुकी के लिए हाथ जोडता हूं, कुबलभाई." नाना हा करार रोज मोडत आणि मनहरभाई रोज हात जोडत.

त्यामुळे नाना गेल्यावर सात महिन्यांनी जिन्यात पुन्हा तोच वास पसरला, तेव्हा मनहरभाईंचे हात जोडायच्या आधीच कापायला लागले. एका सोमवारी हरिश्चंद्रराव जेवून नुकतेच घरात शिरले होते, तोच बेल वाजली. दारात मनहरभाई आणि त्यांच्यामागे पाच-सहा शेजारी.

"कुबलभाई, जरा चावी लाओ ने. नाना के घर में से वास आवे छे."

"बंद घर है, मनहरभाई. वास कुठून येणार?"

"एज तो बात छे! बंद घर छे, तो अंदर पकाता कौन छे?"

हरिश्चंद्ररावांनी किल्ली शोधण्याचं नाटक केलं आणि दार उघडलं. आत कोणी नव्हतं. खिडक्या आतून बंद, खुर्ची रिकामी, पंखा स्तब्ध. वास मात्र असा की पानावर बसावं. मनहरभाई भीत भीत ओट्यापाशी गेले आणि त्यांनी तव्यावर हात ठेवला. मग तो झटकन मागे घेतला.

"गरम छे," ते पुटपुटले.

सगळ्यांच्या माना एकदम फोटोकडे वळल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमबेन हळूच म्हणाल्या, "नाना को यही भाता था ना?" आणि पुढच्या क्षणी जिन्यात चपलांचा नुसता खडखडाट झाला. नीलमबेनची एक चप्पल दारातच राहिली. ती न्यायला कोणी आलं नाही.

हरिश्चंद्रराव आधी घाबरले आणि मग मनातल्या मनात खूश झाले. आता या दाराकडे कोणी फिरकणार नव्हतं. संध्याकाळी फिरून आल्यावर त्यांनी ही हकीकत सुचेताबाईंना रंगवून सांगितली, अर्थात स्वतःचा भाग वगळून. सुचेताबाई दुधी चिरत होत्या. त्यांची सुरी मध्येच थांबली.

"गरम होता तवा?"

"चटका बसला मनहरभाईंना."

"बिचारे नाना," एवढंच त्या म्हणाल्या आणि मान खाली घालून पुन्हा चिरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, हरिश्चंद्ररावांनी वरच्या फळीवरच्या डब्यांमागून बरणी काढली आणि त्यांच्या लक्षात आलं की बोंबील कमी आहेत. रविवारीच त्यांनी मोरव्याच्या कोळीण तुळसाबाईकडून वीस आणले होते. तुळसाबाईने पुडी बांधता बांधता म्हटलंही होतं, "नाना बी हेच लांब लांब न्यायचा. तुजी बी चव नानाचीच हाय." काल दोन खाल्ले, म्हणजे अठरा हवेत. बरणीत निघाले सोळा. त्यांनी ओट्यावर मांडून पुन्हा मोजले. सोळाच. दार बंद होतं, खिडक्या बंद होत्या. मग त्यांची नजर तव्याकडे गेली. काल घाईत तसाच सोडलेला तवा कोणीतरी घासून पालथा घातला होता.

नाना तवा नेहमी पालथा घालत.

हरिश्चंद्रराव पळाले असते, पण बोंबील तव्यावर पडले होते आणि वास सुटला होता. त्यांनी एक बोंबील बशीत घेतला आणि फोटोखालच्या फळीवर, उदबत्तीच्या घराशेजारी ठेवला. "नाना, हा तुमचा वाटा," ते म्हणाले. "तुमच्या घरात तुम्हाला सोडून खाल्लं, चूक झाली. रागावू नका." मग फोटोकडे पाठ होणार नाही अशा बेताने भिंतीला टेकून त्यांनी आपला बोंबील संपवला.

बुधवारी ते आले तेव्हा बशी रिकामी होती. तिच्यात काटासुद्धा नव्हता.

त्याच दुपारी त्यांचं डोकं एवढं ठणकायला लागलं की ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि चष्मा काढला.

"एकशे ऐंशी-एकशे दहा. कुबल, तुम्ही नक्की खाताय काय?"

"दुधी."

"दुधीने एवढं चढत नाही. मी स्पष्ट सांगतो, हे असंच चाललं तर एक दिवस पोटभर जेवाल, हात धुवाल, खुर्चीत बसाल आणि उठता येणार नाही."

डॉक्टर नानांना ओळखत नव्हते. तरीही त्यांनी नानांची शेवटची दुपार शब्दन् शब्द सांगितली. हरिश्चंद्ररावांना आपण मरू याची भीती होतीच, पण त्याहून जास्त डोळ्यांसमोर येत होती ती सुचेता. रिकाम्या खुर्चीसमोर बसून एकटीच अळणी भात कालवणारी. तिने त्यांच्यासाठी जीभ मारली आणि ते तिला रोज फसवत होते. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि दोन दिवस फिरणं बंद ठेवायला सांगितलं. पण पाच वाजता फिरायला गेलो नाही तर सुचेता कारण विचारेल, म्हणून ते रोजच्यासारखे निघाले. कोपऱ्यापर्यंत जाऊनच त्यांना गरगरलं आणि ते परत फिरले. दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि थबकले. जिन्यात वास होता. तव्यावर नुकता उलटलेल्या बोंबलाचा, कडा कुरकुरीत होतानाचा.

त्यांनी स्वतःकडच्या किल्लीने आपलं घर उघडलं. "सुचेता!" आत कोणी नव्हतं. खिळा रिकामा होता.

हरिश्चंद्रराव समोरच्या दारापाशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून चर्र आवाज येत होता. त्यांनी रामाचं नाव घेऊन दार ढकललं. स्वयंपाकघर धुराने धूसर झालं होतं आणि त्या धुरात पाठमोरी, डोक्यावरून पांढरं काहीतरी घेतलेली एक आकृती तव्यावर वाकली होती.

"ना...ना?" हरिश्चंद्ररावांच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला.

आकृती गर्रकन वळली. तिच्या तोंडातून बोंबलाचं शेपूट लोंबत होतं.

दोघंही एकदम किंचाळली. वरच्या मजल्यावर तीन दारांच्या कड्या धडाधड लागल्या.

"तू?" डोक्यावरचा टॉवेल खाली पडल्यावर हरिश्चंद्रराव ओरडले.

"तुम्ही फिरायला गेला होतात ना?" सुचेताबाईंनी शेपूट गिळलं.

"आणि तू अळणी खात होतीस ना?"

सुचेताबाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला वाटलं, नाना आणून ठेवतायत."

"काय आणून ठेवतायत?"

"बोंबील! मागे एका शनिवारी झाडायला आले, तेव्हा डब्यांमागे बरणी सापडली. म्हटलं, नानांच्या वेळची राहिली असेल, कशाला टाकायची? रोज तुम्ही फिरायला गेलात की एक-दोन खायची. वासाला कोणी धावलं नाही, सगळ्यांच्या घरात तेव्हा फाफड्याचा घाणा असतो. बरणी संपत आली, तर पुढच्या वेळी भरलेली! माझे हातपाय गार पडले. परवा तुम्ही गरम तव्याचं सांगितलंत, तेव्हा तर खात्रीच पटली."

"आणि तरी खाल्लेस?"

"मेलेल्या माणसाने एवढ्या मायेने दिलेलं, नाही कसं म्हणायचं?"

"अगं, ते मी आणायचो!"

हरिश्चंद्ररावांना हसू फुटलं ते आवरेचना. सुचेताबाईही तोंडाला टॉवेल लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांचं लक्ष नवऱ्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे गेलं आणि त्या थांबल्या.

"बीपी किती आहे सध्या? खरं सांगा."

"एकशे ऐंशी."

सुचेताबाईंनी उठून गॅस बंद केला. "माझं शाळेत मोजलं सोमवारी. एकशे सत्तर. ऑफिसातल्या सगळ्यांचं मोजलं, त्यात मीच पहिली आले. तुम्हाला सांगितलं नाही." मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही असे नानांसारखे गेलात, तर मी कुणासाठी अळणी रांधू हो?"

ही खुर्ची नानांची होती, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. सुचेताबाई घाईघाईने तिथून लांब झाल्या. हरिश्चंद्ररावांनी बरणी पिशवीत रिकामी केली, पिशवीला गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली.

"संपलं," ते म्हणाले. "पण काही म्हण, तवा पालथा घालून मला तू पार घाबरवलंस. आणि फोटोपुढचा तरी खायला नको होतास. तो नानांचा वाटा होता."

"कुठला?"

"बशीतला. काल ठेवलेला."

सुचेताबाईंचा चेहरा उतरला. "तवा मी घासला. पण बशीला मी हात लावला नाही. मेलेल्यापुढचं कोणी उचलतं का? काल संध्याकाळी मी आले तेव्हा ती रिकामीच होती. मला वाटलं, रिकामीच ठेवलेली असेल."

दोघांनी सावकाश फोटोकडे पाहिलं. धूर विरत चालला होता. नानांची गालफडं बसलेली नव्हती. गाल भरलेले होते आणि डोळ्यांखाली दोन फुगीर पिशव्या आल्या होत्या.

"अहो," सुचेताबाई कुजबुजल्या, "नाना जरा सुटल्यासारखे नाही वाटत?"

हरिश्चंद्रराव गेले कित्येक महिने रोज सकाळी दाढी करताना आरशात हेच डोळे बघत होते. "सुटले नाहीत," ते म्हणाले. "सूज आहे ती. मिठाची."

गुरुवारी सकाळी सुचेताबाईंनी शाळेत जाण्यापूर्वी अळणी दुधीच्या तीन वाट्या भरल्या. एक नवऱ्याला, एक स्वतःच्या डब्यात आणि तिसरी घेऊन दोघं समोरच्या घरात गेली. त्यांनी ती फोटोखालच्या फळीवर बरोबर मधोमध ठेवली. "नाना, आजपासून आपल्या तिघांचंही पथ्य," हरिश्चंद्रराव हात जोडून म्हणाले. कुलूप लावून किल्ली सुचेताबाईंनी पर्समध्ये टाकली आणि रात्री पर्स उशाखाली घेतली.

शुक्रवारी सकाळी दोघांनी मिळूनच कुलूप उघडलं. खिडक्या बंद होत्या. तवा थंड होता. दुधीला कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

वाटी तेवढी कोणीतरी हळूच ढकलत ढकलत फळीच्या अगदी कडेला नेऊन ठेवली होती.