पा द शा, म्हणजे मांजरीचं पाऊल

एखादी गोष्ट समजावून सांगायची मी मनावर घेतली, की समोरच्याला ती समजल्याशिवाय घरी जाता येत नाही! ऑफिसात लोक चहाच्या वेळी मला टाळतात, ते त्यामुळेच.

आमची आभा सहावीत. मोबाइलवर बघून बघून बॅले शिकली. बाभुळगावच्या तिच्या शाळेत गॅदरिंग होतं आणि तिला नाचायचंच होतं. पण मुख्याध्यापिका विमलताईंनी अट घातली, "लोकायले आधी समजावून सांगा. नाही तं म्हणतील, पोट्टी कायले उड्या मारून राह्यली?"

"ते माझ्यावर सोडा!" मी म्हणालो.

लगेच अभ्यासाला बसलो. आभाची आवडती उडी 'पा द शा'. बॅले फ्रान्सच्या राजदरबारात वाढलं, म्हणून शब्द फ्रेंच. पा म्हणजे पाऊल, शा म्हणजे मांजर. उडताना एकेक गुडघा वर ओढायचा, मांजर झेपावते तसा. किती सोपं! पण आपल्या लोकांना डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही. म्हणून मी शेजारच्या मैनाबाईंची मांजर पिशवीत घातली.

"अहो, मांजर काहून नेऊन राह्यले?" बायकोने, शीलाने, कपाळाला हात लावला.

"प्रात्यक्षिक!"

"शुभकार्यात मांजर? लोक काय म्हणतील?"

"मी बी.एस्सी. आहो! असल्या गोष्टी मानत नाही!"

गॅदरिंगच्या दिवशी प्रमुख पाहुणे बापूजी, गावातले मोठे कास्तकार, दिवा लावायला निघाले. समई स्टेजच्या दुसऱ्या टोकाला. मी पिशवी घेऊन स्टेजच्या कडेला उभा. नेमकी तेव्हाच पिशवीची गाठ सुटली! मांजर बापूजींच्या पुढून आडवी गेली आणि पडद्यामागे गडप झाली. उडी मात्र अगदी शास्त्रशुद्ध होती.

बापूजी जागीच थांबले. "आडवी गेली! आधी कोणीतरी पुढे जा बावा."

विमलताईंनी शिपाई डोंगरसिंगकडे पाहिलं. डोंगरसिंगने माइकवाल्याकडे. माइकवाला वायर तपासायला लागला.

"कोणी जात नसन, तं मी घरी जातो," बापूजी म्हणाले.

"दिवा नाही, तं कार्यक्रम नाही," विमलताई रडकुंडीला आल्या.

पडद्याआड आभाचे डोळे भरले. पोरीची सगळी मेहनत माझ्या पिशवीने मातीत घातली! मी निर्धाराने माइक धरला.

"मंडळी, पा म्हणजे पाऊल..."

"मांजर तुम्हीच आणली ना?" समोरून कोणीतरी ओरडलं. "तं जा ना पुढे!"

मी एक पाय उचलला. तो तिथेच राहिला.

तेवढ्यात आभा धावत आली आणि मांजर गेलेली जागा एका झेपेत ओलांडून गेली. एकामागून एक गुडघे वर, हात हलके, उतरताना आवाजसुद्धा नाही! मला इतकं भरून आलं, की माइक सुरू आहे हे विसरून मी नाक ओढलं.

"अरे, पोट्टी तं मांजरीवानी उडली!" बापूजी हसत पुढे निघाले. दिवा लागला. आभा नाचली, आणि लोकांनी तिला पुन्हा नाचवलं.

मी पुन्हा माइक घेतला. "तर मंडळी, शा म्हणजे..."

"मांजर!" अख्खा मंडप ओरडला. "बसा आता!"

घरी येताना आभा म्हणाली, "बाबा, तुम्ही तं मानत नाही ना? मंग तुम्हीच काहून नाही गेले पुढे?"

"बुटाची लेस सुटली होती," मी म्हणालो.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या!