घाडीकाकांचा एक मे

आमच्या बिल्डिंगमधले घाडीकाका एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टॉवेल वाळत घालत नाहीत, फडकवतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीला एक लहानशी पुली बसवलेली आहे. तिच्यावरून नायलॉनची दोरी. सकाळी अंघोळ झाली की काका टॉवेलची बारीक घडी घालतात, घडीत बोगनवेलीची फुलं भरतात, गाठ मारतात, वर चढवतात आणि खट्कन ओढतात. टॉवेल उघडतो, फुलं खाली. खाली म्हणजे माझ्या इस्त्रीच्या टेबलावर, नाहीतर ऑफिसला निघालेल्या कोणाच्या तरी डोक्यावर. "काका, अहो!" असा आवाज आला की वरून विचारतात, "टॉवेल एका हिसक्यात उघडलो ना?"

डोक्यावर काय पडलं हा प्रश्न त्यांच्या मनातच येत नाही.

'आमच्या बिल्डिंगमधले' असं मी लिहून गेलो खरा, पण बिल्डिंग माझी नाही. विक्रोळीच्या या जुन्या तीन मजली सोसायटीत, जिन्याशेजारच्या कोपऱ्यात मी कपडे इस्त्री करतो, एवढंच. राहायला मानखुर्दला. ही जागा मला काकांनीच मिळवून दिली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या हातचा शर्ट उंच धरून ते म्हणाले होते, "पोरगो कोणाचो, खंयचो, माका म्हायती नाय. पण कॉलर बघा!" त्या कॉलरवर मी अकरा वर्षं इथे उभा आहे. तरी अजून मीटिंगची नोटीस लागली की मी ती दोनदा वाचतो. आज उठ म्हणतील, उद्या उठ म्हणतील. काका म्हणतात, "मेल्या, मीटिंग पाण्याच्या टाकीची आसा. तू काय टाकी?"

काका महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. झेंडा बांधायचं काम त्यांचं. नोकरी संपेपर्यंत दर झेंडावंदनाला गाठ काकांची आणि दोरी ओढणारा हात दुसऱ्या कोणाचा तरी. त्यामुळे मोठमोठी माणसं त्यांना फक्त दोरी ओढण्यावरून आठवतात. कोणी एक साहेब विहिरीतून पाणी काढल्यासारखी ओढायचे. एक बाई इतक्या हळू ओढायच्या की झेंड्याला झोप लागावी. आणि एका पाहुण्यांनी म्हणे भलतीच दोरी पाच वेळा ओढली. झेंडा काही उघडेना, आणि सगळी शाळा पाहुण्यांकडे नाही, काकांकडे बघत राहिली. ही गोष्ट काका मला वर्षातून दोनदा तरी सांगतात. शेवट ठरलेला. "गाठ बरोबर होती. दोरी चुकली!"

एक मेच्या आधी ते सोसायटीचा झेंडा घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी हात धुऊन येतो. सोबत स्वतःची धुतलेली चादर आणतात. "ज्या टेबलार लोकांच्यो चड्ड्यो, त्याच टेबलार झेंडो? सरक." चादर अंथरतात. मग इस्त्री आधी माझ्याच शर्टाच्या टोकावर फिरवून बघायला लावतात. वर पातळ फडकं, मग इस्त्री. अशोकचक्र आलं की माझा श्वास बंद, त्यांचाही बंद. एकदा मी घाबरत विचारलं, "काका, डाग पडला तर?" ते शांतपणे म्हणाले, "मग आपण दोघांनी गाव गाठायचो. तू वाशीमाक, मी मालवणाक."

वाशीम जिल्ह्यातलं माझं गाव. तिथेही एक मे होता, पण तो निकालाचा. आदल्या दिवशी माय माझा पांढरा शर्ट नीळ घालून धुवायची, तांब्यात निखारे टाकून त्याच तांब्याने इस्त्री करायची. सकाळी झेंडावंदन, मग रांगेत बसवून गुरुजी एकेकाच्या हातात प्रगतिपुस्तक द्यायचे, वर एक लिमलेटची गोळी. ऊन चढायच्या आत सगळं गाव कोण पास, कोण नापास सांगू शकायचं. सातवीचं प्रगतिपुस्तक मी असंच पळत घरी आणलं. पास झालो होतो. पण आठवीच्या वर्गात बसलोच नाही. जूनमध्ये मामाने मला मानखुर्दला आणलं.

काकांचा एक मे वेगळा. कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे बिल्डिंगमधले सगळे बाप्ये घरी. हे पोरांना वर्षातून क्वचित दिसायचं. कंपन्यांच्या गेटवर लाल बावटे, इथे काका शाळेतून परतले की अंगणात तिरंगा. झेंडावंदन झालं की ए विंग विरुद्ध बी विंग रस्सीखेच, पातेलंभर कोकम सरबत, आणि दुपारी ज्याच्या घरी मटण त्याच्या घरी अर्धी बिल्डिंग. "गावाक जाणारे लोक," काका सांगतात, "तिकीट दोन तारखेचा काढायचे. एक तारीख हयसर."

आता तिकीट तीस एप्रिलचं असतं. एक मे शुक्रवारी नाहीतर सोमवारी आला की चाकांच्या बॅगा खडखडत जिन्यावरून उतरतात. निकाल मोबाइलवर येतो. झेंडाही मोबाइलवर येतो, हलणारा, ढोल-ताशासकट. मी कोणाला नावं ठेवत नाही. त्या बॅगांमधले कपडे मीच इस्त्री केलेले असतात, माझं घर त्यावर चालतं.

या वर्षी मात्र सेक्रेटरी पाटणकर मॅडमनी ग्रुपवर विचारलं, एक मेचं झेंडावंदन ठेवायचं का? गेल्या वर्षी सहाजण आले होते, त्यातला एक रिक्षाची वाट बघत होता. खाली येऊन त्या काकांना स्पष्टच म्हणाल्या, "काका, सव्वीस जानेवारी आहे, पंधरा ऑगस्ट आहे. या वर्षी शेवटचं बघू. असंच झालं तर पुढच्या वर्षीपासून बंद. उगाच पाच माणसांसाठी गाड्या हलवायच्या, माइक लावायचा. वाईट वाटून घेऊ नका."

"नाय, वाईट कसला," काका म्हणाले.

पुढचे दोन दिवस टॉवेल फडकला नाही. दोरीवर नुसता लटकत होता. तिसऱ्या दिवशी काका दारोदार फिरायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा नीलेश माझ्याकडून इस्त्रीचे कपडे घेत होता, त्याला त्यांनी तिथेच गाठलं.

"एक तारखेक येतंस ना?"

"काका, लाँग वीकेंड आहे यार. अलिबागला चाललोय."

"थंय झेंडो आसा?"

"असेल काका, रिसॉर्टवर असेल."

"असलो तर ताठ उभो रव. पोट आत घे."

एवढं करून होकार मिळाले ते मोजके. मला त्यांनी विचारलं तेव्हा मी दरवर्षीचंच उत्तर दिलं, "मी इथूनच बघतो ना काका, टेबलापासून." अकरा वर्षं मी तसंच बघत आलोय. झेंडा इस्त्री करायला मी चालतो, पण वंदनाला सोसायटीची माणसं असतात, आपण मध्ये कशाला, असं मला वाटायचं. काका जिना चढून गेले.

एक मेला मी सकाळी लवकरच आलो. अंगणात गाड्या थोड्याच होत्या, बाकीच्या गावाला गेलेल्या. आणि रिकाम्या फरशीवर पांढरे गोल. मैदान आखायला वापरतात ती फक्की डब्यात घेऊन काका वाकून वाकून गोल काढत होते. चाळीसेक तरी असतील.

"काका, एवढे कोण येणार?"

"तू गप रव."

झेंडावंदन झालं, छान झालं. मॅडमनी काकांना दोरी ओढायचा आग्रह केला, त्यांनी हात मागे घेतले, "माझा काम गाठीचा." मग मॅडमनीच ओढली. एका हिसक्यात उघडला. पण मला आठवत राहतं ते त्याच्या आधीचं.

आलेली माणसं नऊ. ती सवयीप्रमाणे खांबाजवळ घोळक्याने उभी राहिली. काकांनी शिट्टी वाजवली आणि एकेकाला हाताला धरून वेगवेगळ्या गोलात नेऊन उभं केलं. आधी सगळे हसत होते. "काका, सोशल डिस्टन्सिंग का?" मॅडमना त्यांनी अगदी मागच्या एका गोलात नेलं. मॅडम म्हणाल्या, "मी सेक्रेटरी आहे हो, मला मागे?"

"चारू, हयसर तुझी आई उभी रवायची. तू तिच्या कडेवर. शिट्टी वाजली की तू भोकाड पसरायचंस, म्हणान बिचारी मागे."

मॅडमना चारू म्हणणारं बिल्डिंगमध्ये आता दुसरं कोणी नाही. त्या खाली गोलाकडे बघत राहिल्या. मग इकडेतिकडे बाकीच्या गोलांकडे बघितलं. "तो पुढचा कदमांचा ना?" त्यांनी विचारलं. "कदमांचो. बदलापुराक गेले. त्याच्या बाजूक डिसोजा. गेलो बिचारो." मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाल्या, "सिद्धार्थ, पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच गाड्या काढायला सांगायच्या. मला आठवण कर."

मी मान डोलावली. काका आपल्याच कामात होते, त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते सरळ माझ्या टेबलाकडे आले.

"सिदू, चल. तुझो गोल रिकामो आसा."

"माझा? काका, मी बिल्डिंगमधला नाही."

"अकरा वर्षां हयसर उभो आसस. बसलेलो तर मी तुका कधी बघूक नाय. चल."

खांबाच्या उजव्या हाताला एक गोल होता. त्याची फक्की इतरांपेक्षा जाड. मी चपला बाहेर काढल्या आणि आत उभा राहिलो. पाय कुठे ठेवावेत कळेना. काकांनी माझे खांदे सरळ केले, कॉलर बघितली, आणि हळूच म्हणाले, "फक्त डावीकडच्या गोलात पाय टाकू नको."

"कोणाचा तो?"

"तुझ्या काकूचो."

काकूंना मी पाहिलेलं नाही. मी इथे यायच्या आधीच त्या गेल्या. काका त्यांच्याबद्दल कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते खांबापाशी गेले, शिट्टी तोंडात धरली आणि शाळेतल्या आवाजात ओरडले, "हात-अंतर घे!"

मी डावा हात लांब केला, आणि कोणाला लागू नये म्हणून थोडा उजवीकडे सरकलो.