टीव्हीतलं वावर

पितृपक्षात नवी वस्तू घेतली तर काय होतं? काहीही होत नाही! श्यामने हे अमरावतीच्या आपल्या शाळेत, मधल्या सुट्टीत, टेबलावर थाप मारून सांगितलं. उलट दुकानात गर्दी नसते, दुकानदार बसवून चहा पाजतो आणि गेमचं कोरंकरकरीत कन्सोल खोक्यातून काढून नीट दाखवतो. बरोबरच्या शिक्षकांनी माना डोलावल्या. हेच भाषण त्याने घरी केलं तेव्हा बायकोने, अपेक्षाने, मान तसूभरही हलवली नाही.

"पितरपाटात? अन् तेबी बाबांच्या पयल्या वर्षी?" ती म्हणाली. "घरात काही वंगाळ झालं ना, तर हे डबडं त्याच दिवशी अकोल्याले तुमच्या बहिणीच्या घरी जाईन. आत्ताच सांगून ठेवते!"

"अवं, मास्तरची बायको तू. असं बोलते का कोणी?"

"मास्तरची हाव, म्हणूनच बोलून राह्यली!"

अकोल्याचं नाव निघालं की श्यामचा आवाज आपोआप खाली यायचा. त्याचे वडील जानराव गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर श्यामने गावाकडचं वावर, म्हणजे शेत, मक्त्याने दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं. आईला, पार्वताबाईंना, विचारायचं राहून गेलं! पार्वताबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पिशवीत दोन लुगडी टाकली, नवऱ्याचा सुपारी कातरायचा अडकित्ता घेतला आणि अकोल्याला लेकीकडे, प्रणालीकडे, निघून गेल्या. तेव्हापासून श्यामचा फोन आला की त्या मुकाट्याने तो लेकीच्या हातात द्यायच्या. बापाची तिथी तोंडावर आली होती आणि आई येणार नव्हती. श्याम हे कोणाला सांगत नसे, पण कन्सोल आणण्यामागे घरात जरा आवाज व्हावा हेही एक कारण होतं.

जोडणी करून दिली ती प्रणालीच्या नवऱ्याने, अश्विनने, अकोल्यातून फोनवर. त्याने महिनाभर आधी हेच यंत्र घेतलं होतं, त्यामुळे त्याचा सूर थेट तज्ज्ञाचा होता. खेळही त्यानेच सुचवला. शेतीचा. नांगरा, पेरा, काढा, विका.

"जे जे विचारंन त्याले हो म्हना, श्यामदादा. आता घरचं कोणीबी आपल्या यंत्रावरून तुमच्या वावरात येऊ शकते. अन् हातातल्या कंट्रोलरले कान हाय बरं का! बोललं का तिकडं ऐकू जाते."

श्यामने सगळ्याला हो म्हटलं. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांनाही तो असाच हो म्हणतो, न वाचता.

आणि यंत्र काय होतं म्हणता! ढेकूळ फुटलेलं दिसायचं. ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला की हातातला कंट्रोलर थरथरायचा. श्यामने पहिल्या संध्याकाळी अर्धं वावर नांगरलं. नांगराची तासं अशी वाकडी, की पोळ्याच्या दिवशी बिथरलेला बैलही लाजला असता. ट्रॅक्टर मध्येच सोडून तो जेवायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा आटोपून घरी आला, टीव्ही लावला आणि उभाच राहिला.

सगळं वावर नांगरून झालं होतं. तासं सरळ, सुतात धरल्यासारखी. मध्येच सोडलेला ट्रॅक्टर बांधावरच्या निंबाखाली उभा होता, तोंड उगवतीकडे करून.

जानराव आयुष्यभर ट्रॅक्टर असाच लावायचे. निंबाखाली, तोंड उगवतीकडे. कोणी दुसरीकडे तोंड करून लावला तर रात्रीचं जेवण सोडून उठायचे आणि फिरवून यायचे.

त्याने अश्विनला फोन लावला. "जवाई, हे यंत्र आपल्या मनानं नांगरते का?"

तिकडे अश्विनला जोराचा खोकला आला. बराच वेळ आला. "नवीन मॉडेल हाय दादा," तो शेवटी म्हणाला. "काहीबी करू शकते!"

श्यामने स्वतःची समजूत घातली. मास्तर माणूस, समजूत घालण्यात तरबेज. पण पुढे रोज तेच होऊ लागलं. हा पेरायचा, कोणीतरी बांधाकडचे धुरे सोडून नीट पेरून ठेवायचं. याने कपाशी टाकली की मध्ये तुरीची ओळ निघायची. अपेक्षाला त्याने यातलं अक्षर सांगितलं नाही. कन्सोल जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर दुपारी टीव्ही लावताना त्याची छाती भीतीने धडधडायची की ओढीने, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

तिथीचा दिवस उजाडला. बापाचे जुने सोबती म्हणून नत्थुजींना पानावर बोलावलं होतं. वडे, कढी, खीर, काशीफळाची भाजी. श्यामने गच्चीवर पान ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहत बसला. भादव्यातलं ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही, गल्लीत चिटपाखरू नाही. समोरच्या तारेवर एकच कावळा बसला होता. पानाकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

"जानरावची काही इच्छा राहून गेली दिसते," नत्थुजी गंभीरपणे म्हणाले. त्यांना भूक लागली होती.

आई! श्यामच्या मनात दुसरं काही आलंच नाही. आई यायला पाहिजे होती.

तेवढ्यात खालून अपेक्षाचा आवाज आला. ओरडली नव्हती ती. नुसतं हळूच म्हणाली, "अहो... खाली या."

सकाळी "एकच मिनिट पेरणी पाहतो" म्हणून श्यामने टीव्ही लावला होता आणि तो तसाच राहिला होता. पडद्यावर वावर पसरलं होतं. श्यामचा ट्रॅक्टर जिथल्या तिथे उभा. आणि वावराच्या त्या टोकाकडून दुसरा एक ट्रॅक्टर येत होता. अगदी सावकाश. वर टोपी घातलेला माणूस, तोंड दिसत नव्हतं. त्याच्या डोक्यावर अक्षरं तरंगत होती: जानराव.

मग टीव्हीतून आवाज आला.

कट... कट...

थोडा वेळ काही नाही. परत, कट...

अडकित्ता! लहानपणापासून रोज जेवणानंतर ऐकलेला तो आवाज श्यामने शंभर आवाजांतून ओळखला असता. सोफ्यावरचा कंट्रोलर त्याने नकळत हातात घेतला. तो थरथरत होता. यंत्र थरथरत होतं की आपण, हे कळायला मार्ग नव्हता.

अपेक्षाने डोक्यावर पदर घेतला, स्वयंपाकघरातून दुसरं पान वाढून आणलं आणि थेट कन्सोलपुढे ठेवलं. मग यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

"अवं, त्याच्या आतल्या पंख्यात जाईन ते!" श्याम कुजबुजला.

"गप बसा! पितरपाटात घेतलं कोणी?"

नत्थुजी पुढे झाले. हात जोडले, डोळे टीव्हीवर. "तीच चाल! ही जानरावचीच चाल व्हय!" पण माणूस व्यवहारी. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. "जानराव, आलाच हायस तर एक सांगून जाय बाप्पा. माह्या मोटरीचा मोठा पाना कुठं ठेवला तू?"

ट्रॅक्टर थांबला. निंबाखाली जाऊन, वळून, तोंड उगवतीकडे करून थांबला.

आता मात्र श्यामने गुडघे टेकले. "बाबा," तो कंट्रोलर छातीशी धरून म्हणाला, "चुकलं माह्यं. वावर मक्त्यानं द्यायच्या आधी आईले विचारायला पाहिजे होतं. तिचं अर्धं आयुष्य त्या वावरात गेलं, अन् मी सही मारून मोकळा झालो. आई बोलत नाही जी माह्याशी. घर खायले उठते. पाहिजे तर हे यंत्र घेऊन जा, पण तिले धाडा!"

अडकित्ता थांबला. टीव्हीतून एक लांब श्वास ऐकू आला. अपेक्षाने श्यामचा दंड गच्च धरला.

"नत्थुभाऊ," टीव्ही बोलला, "पाना तुमीच परत नेला होता. आपल्या घरच्या माळ्यावर पाहा आंधी!"

नत्थुजी दोन पावलं मागे सरले. "जानरावचा आवाज बाईचा काहून झाला?"

तो आवाज श्यामने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "आई?"

"मंग कोण? तासं अशी काढते का कोणी? पाहून पाहून जीव जायला झाला माह्या. अश्विन हाफिसात, प्रणाली शाळेत, दिवस काही जाता जात नाही. म्हटलं, खरं वावर गेलं, आता हे तरी पोरानं नासवू नये!"

"पण नाव बाबांचं..."

नवऱ्याचं नाव पार्वताबाईंनी उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. "जवायानं इचारलं, नाव काय टाकू. मी म्हटलं, ज्याईचं वावर त्याईचं नाव टाक." अडकित्ता पुन्हा एकदा वाजला. "आज त्याईची तिथी. तुह्या घरी यायले मन होत नव्हतं. मंग इथं वावरात येऊन बसली."

श्याम लहान पोरासारखा रडला. अपेक्षाही रडली. नत्थुजींनी संधी साधून वड्याला हात घातला.

"आता पुरे," टीव्ही दरडावला. "मक्त्याची मुदत सरली का वावर सोडवजो. मी येते जवायासंगं सांजच्या गाडीनं. अन् अपेक्षा, कावळा शिवला नसंन तर कढी चाखून पाहा. तुह्या हातून मीठ राह्यते."

मीठ राहिलं होतं!

पंधरा दिवसांनी शाळेत मधल्या सुट्टीत चौकशी झाली. "काय मास्तर, कसं आहे नवीन यंत्र? सांगा ना, आम्हालाही घ्यायचं आहे."

श्यामने या वेळी टेबलावर थाप मारली नाही. आईने कालच त्याला टीव्हीतल्या वावरात सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, म्हणून ठेवलं होतं, आणि तेही खत टाकण्यापुरतं.

"चांगलं आहे म्हणतात," तो म्हणाला. "हातात मिळालं की सांगतो."