टाकीवरचा नारळ

भार: शून्य टक्के

"आबासाहेब, या टाकीवर हत्ती नाचवा! एक पोचा आला तर माझं नाव बदला!"

संगमनेरजवळच्या एका दूधसंघाच्या आवारात कानिफनाथ सरांनी ही गर्जना केली, तेव्हा नवी टाकी उन्हात नव्या नवरीसारखी झळकत होती. सर इंजिनिअरिंग कॉलेजात सहा वर्षं हंगामी होते. आबासाहेब संघाचे अध्यक्ष आणि कॉलेजचेही. सरांनीच आखलेली ही टाकी नीट चालली की सर कायम, असा सरळ हिशेब होता.

सरांचा विषयच पातळ पत्र्याचा. कॉम्प्युटरवर पत्र्याचे चौपन्न हजार तुकडे करायचे, भार पायरीपायरीने वाढवायचा आणि पत्रा किती वाकतो, कसा चुरगळतो ते बघायचं. टाकी बांधण्याआधी त्यांनी पडद्यावरच तिच्यात दूध भरलं, वारा सोडला, भूकंप केला, वर चार कावळेही बसवले. टाकी ढिम्म! पत्रा निम्म्याने पातळ केला. तरी ढिम्म! पत्र्याचा खर्च वाचला, आबासाहेब खूश.

भार: चाळीस टक्के

उद्घाटनाच्या सकाळी छबूबाईंनी आत वाफ सोडून टाकी धुतली. वीस वर्षं त्या संघाच्या टाक्या धूत होत्या. तेवढ्यात आबासाहेबांना सुचलं, "सर, एवढी मोठी टाकी अन् बोडकी? कलश पाहिजे!"

सर लगेच शिडीवर. टाकीच्या डोक्यावर हवा येण्याजाण्यासाठी एक नळी होती, तोंड अगदी तांब्याएवढं. देवाचीच योजना! सरांनी आंब्याची पाच पानं लावली, वर नारळ बसवला आणि तो गडगडू नये म्हणून भोवती कणीक थापली. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

"आवो सर, तोंड नका बुजवू तिचं!" छबूबाई खालून ओरडल्या. "आत वाफ हाय. गरम बाटलीला बूच लावल्यावर गार होताना कशी पोटात जाती, बगितली न्हाई का कदी?"

"मावशी, मी चौपन्न हजार तुकडे करून बघितलंय!"

"मंग आजून एक करू नका, म्हंजी झालं."

भार: सत्तर टक्के

"ही टाकी म्हणजे आपल्या संघाचा ताठ कणा!" आबासाहेबांनी भाषण संपवून बटण दाबलं. आत गार पाण्याचे फवारे सुटले.

टण्!

"बघा, टाकीनंसुद्धा टाळी वाजवली!"

टण्! टणाण्!

छबूबाईंनी पदर खोचला आणि पाहुण्यांना मागे ढकलायला सुरुवात केली.

भार: शंभर टक्के

टाकीने पोट आत घेतलं. मग बरगड्या. मग कंबर मोडली. पाच सेकंदांत संघाचा ताठ कणा पिळलेल्या टॉवेलासारखा झाला! लागलं कुणाला नाही. आणि नारळ? तो तसूभर हलला नाही. सरांचं काम पक्कं!

सरांनी लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये आजवर त्यांनी बाहेरून सगळं छळलं होतं, पण आतली हवा काढून घ्यायचं सुचलंच नव्हतं. आता नळी बंद केली, वाफ गार केली. पडद्यावरची टाकी कचकन चुरगळली. सरांनी घड्या मोजल्या. पडद्यावर पाच. आवारात पाच!

"जुळलं!" सर उडी मारून ओरडले. "आबासाहेब, पाचच्या पाच घड्या जुळल्या!"

सहावी आबासाहेबांच्या कपाळावर होती.

भार: उतरल्यावर

आबासाहेब शब्दाचे पक्के. आठवड्यात कायम नेमणुकीचा कागद आला. मात्र कॉलेजात नव्हे, संघात. काम: टाकी धुताना वर चढून नळीचं तोंड उघडं असल्याची खात्री करणे. वरिष्ठ: छबूबाई.

पहिल्या दिवशी छबूबाईंनी जुन्या टाकीला शिडी लावून दिली.

"चढा, नारळसर," त्या म्हणाल्या. "आन् तो परवाचा नारळ काडून ठिवलाय मी. उतरल्यावर चटनी करू."