करंगळीपुरता बर्फ

त्या दिवशी जेवण झाल्यावर ब्योंगहोने आपला भाताचा वाडगा स्वतः घासला, तिथून सगळं सुरू झालं. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती, पण त्याला भांडी घासताना कुणी पाहिलं नव्हतं. (लष्करात एकदा घासली होती, तीही शिक्षा म्हणून.) त्यामुळे त्याची बायको सुनिम टीव्हीवरची नजर काढून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा मालिका बघू लागली.

कारण होतं सुनिमच्या डाव्या करंगळीचं नख. उन्हाळ्याच्या सुट्टीत उल्सानहून नात आली होती. तिने तुरटी घालून तेरड्याची फुलं वाटली आणि हौसेने आजीची दहाही नखं रंगवली. नखं वाढत गेली, कापली गेली. डिसेंबर उजाडेपर्यंत नऊ नखं कोरी झाली, पण करंगळीच्या टोकाला केशरी कोर तशीच होती.

"हे एवढंच नख का वाढवलंयस?" ब्योंगहोने विचारलं होतं.

"बर्फ पडेपर्यंत ठेवतेय," टीव्हीकडे बघतच ती म्हणाली होती.

तेरड्याचा रंग पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर टिकला तर पहिलं प्रेम सफल होतं, हे कोरियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ब्योंगहो कानापर्यंत लाल झाला. पहिलं प्रेम म्हणजे आपणच की! लग्न ठरवायला चहाच्या दुकानात भेटले होते, तेव्हा सुनिम मान खाली घालून स्वतःच म्हणाली होती, "माझ्या मनात तसं कुणी नाही." आणि ही बाई साठीला आली तरी आपल्यासाठी बर्फाची वाट बघतेय! मासळीच्या शीतगृहातल्या एका कारकुनासाठी! त्याची छाती फुगली आणि त्या भरात त्याने वाडगा घासला.

मग त्याच्या लक्षात आलं की साबणाच्या पाण्याने रंग उतरतो. झालं, भांडी त्याच्याकडे आली. तांदूळ धुताना नख घासलं जातं, म्हणून तेही आलं. किमचीसाठी कोबीच्या पानापानाला मीठ चोळून त्याची कंबर धरली. शेवटी फरशी पुसायचं फडकंही तोच पिळू लागला. सुनिमने कशालाच हरकत घेतली नाही. "पाणी गार आहे, हातमोजे घाला," एवढं मात्र ती मायेने म्हणाली.

आता फक्त बर्फ पडायचा होता, आणि नेमकं बुसानमध्ये तेवढंच होत नाही. थंडी म्हणाल तर हाडं फोडणारी. समुद्रावरून वारा असा यायचा की दोरीवर वाळत घातलेल्या माकुळ मासळीच्या फळ्या व्हायच्या. पण आकाश निळंशार! टीव्हीवरची हवामानवाली पोरगी रोज नकाशाभर बर्फ पसरायची आणि बुसानच्या अलीकडे हात थांबवायची. "दक्षिण किनाऱ्यावर हवा कोरडी राहील, आगीपासून सांभाळा," असंही हसतमुखाने सांगायची. सगळ्या देशाला बर्फ, आणि यांना आगीची भीती. ब्योंगहोला त्या पोरीचा रागच येऊ लागला.

"यंदा बर्फ पडेल का हो?" त्याने एकदा मिनकाकूंना विचारलं. मिनकाकू म्हणजे बुसानमधल्या योंगदोच्या टेकडीवरच्या त्यांच्या गल्लीच्या प्रमुख. त्यांना विचारल्याशिवाय तिथलं मांजरही रस्ता ओलांडत नसे.

"न पडो बाबा. मागे चिमूटभर पडला, तर बस दोन दिवस वर चढली नाही. तुम्हाला कशाला हवाय?"

"असंच. मुलांना गंमत."

"तुमच्या मुलाला टक्कल पडलंय, ब्योंगहोसाहेब."

इकडे कोर बारीक होत चालली होती. एका सकाळी सुनिम हातात नेलकटर घेऊन बसलेली दिसली आणि ब्योंगहो धावतच पुढे आला.

"थांब, थांब!"

"पायाची कापतेय," सुनिम शांतपणे म्हणाली.

पण अशाने किती दिवस निघणार? त्याच आठवड्यात शीतगृहात माणसं भिंतीवरचा पांढरा थर खरवडताना त्याला दिसली. खाली भुसभुशीत, पांढराशुभ्र ढीग पडला होता. ब्योंगहो तिथेच उभा राहिला. (ऑफिसच्या कामात त्याला आजवर एकही कल्पना सुचलेली नव्हती, हे इथे सांगायला हवं.) शनिवारी त्याने थर्माकोलचा एक खोका भरून घरी आणला.

रविवारी संध्याकाळी आभाळ पहिल्यांदाच भरून आलं. सुनिम खिडकीशी, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून संत्री सोलत होती. ब्योंगहो गुपचूप गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून पिठाच्या चाळणीतून बर्फ चाळू लागला. पहिला घाणा वाऱ्याने त्याच्याच तोंडावर आला. दुसरा मात्र खिडकीवरून तरंगत गल्लीत उतरला, आणि इतका सुंदर उतरला की ब्योंगहोचे डोळे भरून आले.

"बर्फ पडतोय!" खालून मिनकाकू ओरडल्या.

पुढचं सगळं पटापट झालं. मिनकाकूंनी बसच्या ड्रायव्हरला फोन केला. त्या टेकडीवरचा कुठलाही ड्रायव्हर "बर्फ" हा शब्द ऐकल्यावर आकाशाकडे बघायला थांबत नाही. त्याने बस पायथ्यालाच उभी केली आणि माणसं भाजीच्या पिशव्या सांभाळत, शिव्या घालत चढ चढू लागली. गल्लीतल्यांनी पायऱ्यांवर वाळू ओतली, राख ओतली आणि मोबाइल काढून फोटो घेतले. आणि मग मांजरं आली. गल्लीतली झाडून सगळी मांजरं ब्योंगहोच्या भिंतीखाली बसून भक्तिभावाने वर बघू लागली.

मिनकाकूंनी स्वतःची बाही हुंगली.

"या बर्फाला बांगड्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या आणि त्यांनीही वर पाहिलं. टाकीच्या बाजूला थर्माकोलचा खोका होता, चाळणी होती, आणि भुवया पांढऱ्या झालेला ब्योंगहो होता.

"खाली या, ब्योंगहोसाहेब. येताना झाडू आणा."

सगळी वाळू झाडून तो घरात आला तेव्हा त्याची बोटं वाकत नव्हती. सुनिमने गरम सुपाचे दोन वाडगे भरले आणि एक त्याच्यापुढे ठेवला. ते प्यायल्यावर त्याला जरा धीर आला.

"पण बर्फ पडला तर खरा. पाहिलास ना तू?"

"पाहिला."

"मग झालं तर. नखावर रंग होता, बर्फही पडला. पहिलं प्रेम सफल." त्याने लाजत स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "हे काय, समोर बसलंय."

सुनिम संत्र्याची फोड तोंडात घालायची थांबली.

"तुम्ही?"

"मग कोण?"

"लग्नाच्या आदल्या वर्षीही मी नखं रंगवली होती," ती म्हणाली. "फेब्रुवारी संपेपर्यंत वाट बघितली. बर्फ काही पडला नाही. मार्चमध्ये मावशी तुमचं स्थळ घेऊन आली."

"पण तू तर म्हणाली होतीस, मनात तसं कुणी नाही."

"नव्हताच तेव्हा. तो कांगन्युंगला निघून गेला होता. तिकडे म्हणे कमरेएवढा बर्फ पडतो."

ब्योंगहोला खरोखरच वाईट वाटलं. आपल्या संसाराचा पाया हवामानखात्याने घातला, हे साठीच्या उंबरठ्यावर कळणं सोपं नसतं.

"मग यंदा कुणासाठी ठेवलंस नख?" त्याने हळूच विचारलं.

"यंदा? कुणासाठी नाही हो. नातीने रंगवलं म्हणून राहिलं होतं. बर्फाचं मी आपलं सहज बोलले होते. कापूनच टाकणार होते, तेवढ्यात तुम्ही भांडी घासायला लागलात."

"मग आता टाक कापून."

"इतक्यात कशाला?" सुनिम म्हणाली. "बर्फ काय, मार्चपर्यंत कधीही पडू शकतो." आणि तिने आपलाही वाडगा त्याच्यापुढे सरकवला.