पाच नंबरवर दोघं

खाडीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून, एकवीरा आईची आणि घरातल्या चारही नातवंडांची शप्पथ घेऊन सांगते: पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल कोलशेतला जाऊन विचारावं. (ज्यांना विचारायचं ते बहुतेक सगळे आता वर गेलेत, पण त्याला माझा इलाज नाही.)

जगात कुठलीच वस्तू मुकी नसते. तिचा फक्त नंबर लागलेला नसतो. माणसाचंही तसंच आहे, पण सध्या आपण वस्तूबद्दल बोलतोय.

सत्त्याण्णव साली कोलशेत गावाची कंप्युटरविषयक परिस्थिती अशी होती. कंप्युटर: एक. तो समजणारी माणसं: अर्धं (ते फेलिक्स, उरलेला अर्धा फेलिक्स त्याला घाबरायचा). त्याबद्दल सल्ला देणारी माणसं: दोनशे चौदा. हे प्रमाण पुढे देशभर तसंच राहिलं म्हणतात, पण सुरुवात आमच्या गावातून झालेली.

फेलिक्स कंपनीत फिटर होता. कंप्युटर त्याने विकत घेतला नव्हता, होडी बांधतात तसा बांधलेला. एकेक भाग आणायचा, आठवडाभर बघत बसायचा, मग ठोकायचा. त्याचं झाकण कधी लावलेलं कुणी बघितलं नाही. आतला माल उघडाच, समोर टेबलफॅन, वर एमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, विणलेला लेसचा रुमाल. यंत्र तापलं की फॅन तीनवर, निवलं की एकवर. माणसांसाठी फॅन त्या घरात नव्हता.

जनाबाईला या सगळ्याशी काही घेणं नव्हतं. तिला खुंट पाहिजे होता.

म्हणजे असं बघा. खाडीत जाळी बांधायला लाकडाचे खुंट ठोकलेले असतात. घराला एक जागा, जागेला एक नंबर. पाच नंबरची जागा जनाबाईच्या सासऱ्यापासून तिच्या घरात. ओहोटीचं पाणी तिथे असं वळतं, की कोळंबी आपल्या पायाने जाळ्यात येते (आणि मागच्यांना सरकून जागा देते). मात्र नियम कडक. दरवर्षी नारळी पुनवेच्या आधीच्या रविवारी जमात, म्हणजे कोळ्यांची पंचायत, बसते. ज्याची जागा त्याने उभं राहून स्वतःच्या तोंडाने बोलायचं, "खुंट माझा, मी लावणार." चिठ्ठी चालत नाही. सत्तावन्न साली एका मयत माणसाची दोन पत्रं आलेली, दोन वेगळ्या अक्षरांत, आणि दोन्ही पत्रांनी जागा दोन वेगळ्या माणसांना दिलेली. तेव्हापासून कागद बंद. तीन वर्षं ज्याचं तोंड ऐकू आलं नाही, त्याची जागा शेजारच्याला.

जनाबाईचा नवरा वारलेला, मुलगा आनंद जहाजावर. पहिल्या वर्षी ती जमातीत बोलली, त्याचा घसा बसलाय. दुसऱ्या वर्षी बोलली, अजून बसलेलाच आहे. तिसऱ्या वर्षी घसा पुरेना. शेजारच्या सहा नंबरवर काळुराम. अतिशय सज्जन माणूस. दोन वर्षं रोज संध्याकाळी न चुकता विचारायचा, "वयनी, आनंदचा घसा कसा हाय?"

जमात बसायच्या आठ दिवस आधी जहाजावरचा एक जोडीदार सुट्टीवर आला आणि आनंदचं पुडकं देऊन गेला. आत एक फ्लॉपी, एक साउंड कार्ड, मुठीएवढे दोन स्पीकर आणि दोन ओळींची चिठ्ठी: आई, जमातीला काय सांगायचं ते फ्लॉपीत बोललोय. फेलिक्सकाकाच्या कंप्युटरला आवाज नाही, म्हणून कार्ड पाठवतोय.

जनाबाईने फ्लॉपी कानाला लावून बघितली. मग पदरात बांधून जमातीच्या दामाजी पाटलांकडे गेली. हे चालेल का? पाटलांनी फ्लॉपी उलटी-सुलटी केली.

"तोंड आनंदचंच ना?"

"माझ्या पोटचं हाय, मी वळखीन."

"मग झालं. माणसाने तोंड कुठं ठेवलंय, ते जमात बघत नाय."

फेलिक्सने कार्ड बसवलं. आवाज नाही. मग त्याने ड्रायव्हर टाकला. (ड्रायव्हर म्हणजे कंप्युटर आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. तोही फ्लॉपीतूनच येतो.) पडद्यावर कार्डाचं नाव उमटलं आणि नावाच्या डोक्यावर एक पिवळा गोळा, त्यात उद्गारचिन्ह. आवाज नाही.

पुढच्या सहा दिवसांतली कारवाई मी तेव्हा बोटांवर मोजून ठेवलेली. ड्रायव्हर टाकला आणि काढला: एकतीस वेळा. सगळी विंडोज पुसून पुन्हा टाकली: नऊ वेळा. कार्ड काढून फुंकलं: फेलिक्सने चाळीस, एमाने सहा, पाटलांनी एक (ती फुंकर अधिकृत धरावी असं ठरलं). पाच जणांनी वेगवेगळ्या दिवशी "बंद करून चालू करून बघ" असं सांगितलं आणि पाचही जण ही आपली स्वतःची अक्कल आहे अशा तोऱ्यात घरी गेले. यंत्रावर लिंबू-मिरची बांधली, ती फॅनमध्ये गेली. जनाबाईने नारळ बोलला. एमाने मेणबत्ती बोलली. पिवळा गोळा दोन्ही धर्मांना सारखाच बधला नाही.

शुक्रवारी जनाबाई त्या गोळ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "फेलिक्स, खरं सांग. काय झालंय याला? मेलाय?"

फेलिक्सने कपाळ पुसलं. "मेला नाय, जनामावशी. याच्यात सोळा नंबर असतात. मधली मोठी चिप हाय, तिला हाक मारायला प्रत्येकाला आपला नंबर लागतो. एका नंबरवर एकच. तुझ्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त पाच नंबरच्या जागेला ओळखतो. आणि पाचवर आधीच माझा मॉडेम बसलाय. दोघं एकदम हाका मारतात, मग चिप दोघांचंही ऐकत नाय."

सहा दिवसांत जनाबाईला पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि कळलं ते पूर्ण कळलं.

"पाच नंबरवर दुसरा बसलाय?" ती उठूनच उभी राहिली. "मग उठव त्याला!"

इथे फेलिक्स अडला. मॉडेम म्हणजे फोनच्या तारेतून जगाशी बोलणारा डबा. कोलशेतमधला पहिला. तो पाच नंबरवर बसवायला त्याला अकरा दिवस लागलेले. काढला आणि पुन्हा बसलाच नाही तर? "मावशी, आधी तो आला. त्याचा हक्क हाय."

हक्क हा शब्द आला की आमच्याकडे बोलणं थांबतं आणि चटया अंथरतात.

रविवारी सकाळी, फेलिक्सची चर्चमधली मिसा आटपल्यावर, त्याच्याच पडवीत जमात बसली. फेलिक्स जमातीतला नव्हता, पण प्रश्न नंबरचा होता आणि खाडीकाठी नंबरला जात नसते. आधी पाचाचा कंप्युटरमधला दावा, मग पाचाचा खाडीतला, असा क्रम ठरला. वादी: साउंड कार्ड, तर्फे जनाबाई. प्रतिवादी: मॉडेम, तर्फे फेलिक्स. प्रतिवादीला रीतसर तीनदा नावाने हाक मारण्यात आली. तो जागेवर हजर आहे, हे पंचांनी वाकून, चष्मा लावून बघितलं.

पाटील म्हणाले, "वादीने स्वतःच्या तोंडाने बोलावं."

"त्याला बोलता आलं असतं तर भांडण कशाला आलं असतं?" जनाबाई म्हणाली.

पंचांनी यावर पाव तास विचार केला आणि हरकत मंजूर केली. मग प्रतिवादीची पाळी. फेलिक्सने कळा दाबल्या. मॉडेम आतून "टक्" असा वाजला, आणि फोनची लाईन सापडत नाही असं पडद्यावर लिहून आलं.

"लेखी चालत नाय," पाटील म्हणाले. "टक् तेवढं नोंदवून घ्या."

मग जनाबाईने पदर खोचला. ती बाजारात एका हाताने बोंबील निवडायची आणि दुसऱ्या हाताने तीन गिऱ्हाइकांशी भांडायची, तिला वकील कशाला? "पाटील, ह्याला एकच विचारा. तू तिथं बसून करतोस काय? फोन हाय का घरात? नाय. तार हाय का? नाय. नुसती जागा धरून बसलाय. स्वतः बोलत नाय, दुसऱ्याला बोलू देत नाय!"

"अर्ज केलाय," फेलिक्स म्हणाला. "पुढल्या वर्षी येईल लाईन."

"अर्ज कधीचा?" पाटलांनी विचारलं.

"एकोणनव्वदचा."

पडवीत हशा झाला. जनाबाईने हात वर करून तो थांबवला, आणि जे वाक्य बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. "येईल तेव्हा येईल! येणाऱ्यासाठी असणाऱ्याला उपाशी ठेवायचं, ही कुठली रीत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात काळुरामने. निकालाची वही त्याच्याकडेच असायची, कारण अक्षर चांगलं. त्याने अदबीने विचारलं, "वयनी, तुमचं हे वाक्य निकालात घ्यायचं ना?"

"घे रे! चांगलं मोठ्या अक्षरात घे!"

निकाल एकमताने झाला. (एक पंच झोपलेले, त्यांची मान खाली आली तो होकार धरला.) जो नंबर धरून बसला पण काम करत नाही, त्याने उठावं. पुढल्या वर्षी येईल ही सबब नाही. प्रतिवादीचा हक्क मात्र बुडालेला नाही. लाईन आली की जागा परत. तोवर त्याला जपून ठेवावं.

फेलिक्सने डोळे पुसत दोन स्क्रू काढले. मॉडेम वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात घातला, आणि एमाने तो कपाटावर येशूच्या तसबिरीशेजारी ठेवला. यंत्र चालू केलं. पिवळा गोळा गेला! स्पीकरमधून सुरुवातीची ती टुंग-टुंग धून वाजली, तशी सगळी जमात टोप्या काढून उभी राहिली. राष्ट्रगीत नाही, हे कळेपर्यंत ती संपलीसुद्धा.

मग फेलिक्सने फ्लॉपी घातली. आधी इंजिनाची घरघर. मग कुणीतरी खोकलं, आणि जनाबाईने पडवीच्या खांबाला धरलं. दोन वर्षांनी पोरगा खोकत होता.

"आई... बरी हायेस ना? गुडघा दुखतो का अजून? ...पाटील, पंच, सगळ्यांना रामराम. पाच नंबरचा खुंट माझा हाय. पुढल्या वर्षी येईन, मग लावीन."

जनाबाईने पदराने तोंड पुसलं आणि विजयाने पंचांकडे वळली. "ऐकलंत? तोंडाने बोलला की नाय?"

काळुराम हळूच खाकरला. सज्जन माणूस. त्याने फक्त वही पाटलांसमोर सरकवली. शाई अजून ओली होती. येणाऱ्यासाठी असणाऱ्याला उपाशी ठेवायचं, ही कुठली रीत. खरंच चांगलं मोठं अक्षर होतं.

पाटलांनी ते वाक्य वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग जनाबाईकडे न बघता म्हणाले, "वयनी, एका नंबरला एका दिवशी दोन न्याय कसे द्यायचे?"

जनाबाईने त्या ओल्या शाईवरून एक बोट फिरवलं. मग एवढंच बोलली, "हक्क बुडाला नाय ना?"

"नाय नाय. हक्क राखून. आनंद आला की जागा परत."

"मग ठेवायचा कुठं तो?"

सगळ्यांच्या माना एमाच्या कपाटाकडे वळल्या.

त्या वर्षीपासून पाच नंबरवर काळुराम. कोळंबी त्याच्याकडेही सरकून जागा देत राहिली, तिला काय. फ्लॉपी मॉडेमच्या खोक्यात गेली. दर रविवारी मिसा झाली की जनाबाई यायची, एमा स्टूल लावून खोकं खाली काढायची, फेलिक्स फॅन तीनवर करायचा आणि आनंद खोकायचा. गुडघ्याच्या चौकशीपर्यंत ऐकून ती म्हणायची, "बस, पुढचं नको."

तर हे असं. शब्द न् शब्द खरा, शप्पथ घेतलेली. पण नातवंडं चार आहेत, म्हणून एक तपशील कबूल करते. आनंद "पुढल्या वर्षी येईन" असं बोललाच नव्हता. ते मी घातलं, जनाबाई माझी मैत्रीण होती म्हणून. फ्लॉपीत तो बोललेला, "खुंटाचं... बघू." मॉडेमतर्फे निदान वर्ष तरी सांगितलेलं.

आणि तुम्ही हसू नका. मघाशी मॉडेमला उठवलं तेव्हा तुम्हीही मान डोलावलीत, मी बघितलं. तुमच्याकडे फोन आहे, तार आहे, नंबरही तुमचा एकट्याचा, आवाज कसा खणखणीत जातो. मागच्या आठवड्यात तुमच्या आईने विचारलं, कधी येतोस.

तुम्ही काय म्हणालात?